मातीच्या चाळीस पुड्या

फुलवंताबाई टेंभरेला टोल्यावर, त्या जंगलाकाठच्या छोट्या वस्तीत, तीन नावं होती. माहेरचं फुला, सासरचं फुलवंता, आणि मागच्या पोळ्यापासून जागेश्वर शेठनं चिकटवलेलं तिसरं, सडवेवाली. पहिली दोन हळूहळू कोणी घेईनासं झालं. तिसरं मात्र देवरीच्या बाजारात बाईच्या आधी जाऊन बसलं.

सडवा म्हणजे दारू गाळायच्या आधी मडक्यात आंबवत ठेवलेला मोह. आणि फुलवंताच्या सात पिढ्यांत कोणी दारूला बोट लावलेलं नव्हतं. ती करायची मोहाचे लाडू. चैतात पहाटे जंगलात जायचं, मोहफुलं वेचायची, अंगणात खडखडीत वाळवायची, मग वर्षभर तीळ-गूळ घालून लाडू वळायचे. खाणारा मोहाचं नाव ऐकून आधी नाक मुरडायचा आणि मग दुसरा लाडू मागायचा.

जागेश्वर शेठ हा टोल्यावरचा धानाचा-मोहाचा व्यापारी, आणि वरून दारूबंदी समितीचा अध्यक्ष. त्याला तिचा मोह पाहिजे होता. चैतात तो तिच्या अंगणात आला, पोत्यात हात घालून म्हणाला, “सगळा मले देऊन टाक.”

“मंग लाडू कायचे करू जी? तुमच्या मिशीचे?”

आता हे चार बायकांसमोर बोलायचं नव्हतं. पण फुलवंताचं तोंड असंच. लग्नात व्याह्यांच्या चपला बैलाच्या शिंगाला बांधून वरात हसवणारी बाई ती. चारही जणी हसल्या. शेठही हसला. हसता हसता त्यानं ते मनात नीट घडी घालून ठेवलं.

मग श्रावणात नऊ दिवस पावसानं डोळा उघडला नाही. फुलवंताच्या दोन मडक्यांतल्या मोहाला ओल लागली. आंबूस वास सुटला. उद्या खताच्या खड्ड्यात टाकू म्हणून तिनं मडकी पडवीत काढून ठेवली, आणि दुसऱ्याच सकाळी शेठ समितीच्या बायका घेऊन दारात हजर.

“अवो बाप्पा, ओल लागली का मोहफूल आंबते!” फुलवंता सांगत होती. “त्याले का कोनी दारू म्हनते का?”

“वास खोटं बोलत नाही, बाई,” शेठ म्हणाला.

सुलोचनाबाई समितीतली सगळ्यात कडक बाई. तिचा नवरा दारूतच गेला होता, त्यामुळे वास आला की तिचं डोकं फिरायचं. तिनं एक मडकं उचललं आणि दुसरं फुलवंताच्याच डोक्यावर दिलं. घरापासून चौकापर्यंत वरात निघाली. चौकात मडकी फुटली. शेठनं फोटो काढला, डोक्यावर मडकं घेतलेल्या फुलवंताचा, आणि सगळा टोला ज्यात आहे त्या समितीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वरती गोलात लावून टाकला. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून तीनदा ओरडून सांगितलं, “फुलवंताबाई टेंभरे हिच्या घरी सडवा पकडला.” तेवढ्यानं पोट भरलं नाही म्हणून बाजाराच्या दिवशी देवरीला जाऊन ओळीनं सगळ्या दुकानदारांना सांगून आला. वर ग्रामसभेत ठराव करून घेतला: ज्याच्या घरून वास, त्याचा माल चौकात ओतायचा. ओल लागली, पाणी शिरलं, असली कारणं ऐकून घेणार नाही.

पुढं काय झालं ते सांगायला नको. अंगणवाडीनं लाडू बंद केले. नवरा मोहनलाल आधीच अबोल माणूस, तो चौकातला चहा सोडून घरीच पिऊ लागला. बाजारात लाडवाची टोपली मांडली की एखादा येऊन डोळा मारायचा, हळूच विचारायचा, “माल आहे का वहिनी, खालचा?”

फुलवंता रडली नाही. तिला माफीही नको होती. माफी काय, तोंडातल्या तोंडात मागता येते. तिला पाहिजे होता तो भोंगा. ज्या तोंडानं ज्या भोंग्यावरून सांगितलं, त्याच तोंडानं त्याच भोंग्यावरून सांगायचं की फुलवंताच्या घरी दारू नव्हती. ते कसं होईल हे तिला माहीत नव्हतं. पण रोज चुलीपुढं बसली की ती त्याचाच विचार करायची, आणि करता करता पोळी करपायची.

तिचा भाऊ उदाराम गोंदियाला राईस मिलमध्ये हमाल. हिवाळ्यात मिलमध्ये तांदूळ निवडायची नवी मशीन आली, लाकडी खोक्यात बसून, समुद्रावरून. खोक्याच्या आत दोरीला टांगलेल्या होत्या जाड कागदी पुड्या, एकेक अर्ध्या किलोची. मशीनला हवेतली ओल लागू नये म्हणून. मशीन बाहेर निघाली आणि मिलवाल्यानं पुड्या कचऱ्यात टाकल्या. उदारामनं एक फोडून पाहिली. आत राखी रंगाची दाणेदार माती. “ओल पिते म्हनते हे माती,” तो बहिणीला म्हणाला, आणि पोतंभर पुड्या तिच्या पडवीत आणून टाकल्या. सगळं घेऊन येणारा माणूस. मागं एकदा तुटका पंखा आणला होता.

फुलवंतानं मोहाच्या डब्यात एक पुडी टाकून पाहिली. महिनाभर फुलं कुरकुरीत राहिली. मग मऊ पडू लागली. तिनं भावाला फोनवर झाडलं, “तुह्या पुड्या मेल्या!”

उदारामनं मिलच्या मिस्त्रीला विचारलं. मिस्त्री म्हणाला, मेल्या नाहीत, पोट भरलं त्यांचं. माती ओल पिते, पोट भरलं की थांबते. मंद आचेवर भाजा, पिलेली ओल ओकून टाकेल, मग पुन्हा पिईल.

मग फुलवंता त्या मातीच्या मागंच लागली. पुड्या उसवल्या, माती लोखंडी कढईत घातली, चुलीतले निखारे ओढून मंद आचेवर परतत बसली, जसे मुरमुरे करतात तसं. वर थंड स्टीलची थाळी धरायची. थाळीला वाफ आली म्हणजे माती अजून ओकतेय. थाळी कोरडी राहिली म्हणजे झालं. पहिल्यांदा आच जास्त झाली, माती भाजून विटकरासारखी झाली. ती खरंच मेली, थेंबभर पीत नव्हती. ती तिनं झाडाच्या बुंध्यात टाकली. दुसऱ्यांदा भाजून उघड्यावर गार करायला ठेवली, तर सकाळपर्यंत हवेतलीच ओल पिऊन बसली. तिसऱ्यांदा तिनं गरम असतानाच झाकणाच्या डब्यात कोंडली, गार झाल्यावर सुती कापडाच्या पिशव्यांत भरली, शिवली.

आणि एक गोष्ट तिला कळली. भरलेली पुडी आणि कोरडी पुडी दिसायला सारखीच. हाताला सारखीच. हलवली तर दोन्ही खळखळ वाजतात. ओल पिऊनही माती भिजल्यासारखी वाटतच नाही. फरक फक्त काट्यावर. कोरडी अर्धा किलो, भरलेली सहाशेच्या वर. म्हणून तिनं देवरीहून छोटा काटा आणला आणि दर पंधरा दिवसांनी पुड्या तोलायची. सहाशेच्या जवळ गेली की कढईत.

दुसरी गोष्ट, पुडी राखण करते. वाळवत नाही. खडखडीत वाळलेल्या मोहाच्या डब्यात एक पुडी घातली तर पाऊसभर तो खडखडीत राहतो. ओला मोह वाळवायला गेलं तर चार पुड्यांचं पोट एका दिवसात भरतं आणि मोह तसाच ओला. हे तिनं एका ताटभर मोहावर करून पाहिलं होतं. बाईनं कामात कसर ठेवली नव्हती.

तर या श्रावणात टोल्यावर घरोघरी मोह आंबायला लागला. लोक शेठच्या भीतीनं रातोरात खड्ड्यात पुरत होते. फुलवंताच्या घरी मात्र डबा उघडला की फुलं मनुक्यासारखी, उन्हाचा वास असलेली.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी शेठ आला. समिती सोबत नव्हती, पण नाक होतंच. पडवीत येऊन त्यानं लांब श्वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला.

“सर्दी झाली का शेठ?” फुलवंतानं विचारलं.

उदाराम सणाला आलेला, खाटेवर पडून हसला.

“नाही वो वहिनी,” शेठ म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदा वहिनी! “तुमचा मोह काऊन नाही खराब होऊन राहिला?”

फुलवंतानं डबा उघडून दाखवला. शेठनं एक फूल उचलून दाताखाली धरलं. कट्ट. धान असो, मोह असो, हा माणूस दातानं ओल सांगायचा आणि त्याचा त्याला फार गर्व. ओल मोजायच्या मशीनलाही तो हसायचा. त्याचे डोळे चमकले. पुडी पाहिली. “हे का हाय?”

“माती. ओल पिते.”

शेठ डोक्यात हिशेब करत होता ते तिला त्याच्या मिशीवरून दिसत होतं. आतल्या जंगलातल्या गावांत लोकांकडं ओला, मऊ पडलेला मोह पडून होता. पावसात वाळवता येत नाही म्हणून तो मातीमोल. पुड्या असल्या तर उचलायचा, वाळवायचा, दिवाळीनंतर विकायचा.

“मले देता का? चाळीसेक?”

फुलवंताच्या पडवीत तेव्हा दोन ढीग होते. एक कोरड्या पुड्यांचा, डब्यात बंद. दुसरा आदल्याच दिवशी तोलून बाजूला काढलेल्या, पोट भरलेल्या पुड्यांचा, भाजायला ठेवलेला. शेठचा हात आपोआप उघड्या ढिगाकडं गेला. तिनं त्याला अडवलं नाही. पण थांबवलं.

“देईन. पन आधी ग्रुपवरचा माहा फोटो काढा. मंग पुढचं सांगीन, कसं वापराचं ते.”

“काढतो ना! आज संध्याकाळीच काढतो. सांगाचं का त्याच्यात? टाकाच्या आन झाकन लावाचं.”

“तोलून तर घ्या.” तिनं काटा पुढं सरकवला. अगदी मनापासून सरकवला, उदाराम साक्षीला आहे.

शेठ हसला. “मले काटा दाखवता वहिनी? तीस वर्सं झाली, मी दातानं सांगतो.” त्यानं एक पिशवी हलवली. खळखळ. टाका उसवून दोन दाणे काढले, दाताखाली धरले. कट्ट. “खडखडीत हाय!”

“तुमची पारख, बाप्पा. मी का बोलू.”

शेठ चाळीस पुड्या पोत्यात भरून गेला. तो रस्त्याच्या वळणावर दिसेनासा झाला तेव्हा उदाराम उठून बसला.

“अवो बाई, त्या तर भरेल होत्या!”

“हो.”

“सांगतली काऊन नाही?”

“फोटो काढू दे. सांगीन.”

खरंच सांगितलं असतं. एवढं तरी मानायला पाहिजे. त्या संध्याकाळी ती मोबाईल घेऊन बसली. गोलात तिचाच फोटो, डोक्यावर मडकं. दुसऱ्या दिवशी तोच. तिसऱ्या दिवशी शेठनं ग्रुपवर नवा फोटो टाकला: गोडाऊनमध्ये अकरा निळे ड्रम, झाकणांवर पट्टी मारलेली, बाजूला शेठ मिशीला पीळ देऊन उभा. खाली लिहिलेलं, आधुनिक साठवण, जागेश्वर ट्रेडर्स. आणि वरती गोलात? फुलवंता, डोक्यावर मडकं.

फुलवंतानं मोबाईल उलटा ठेवला. मोहनलालला म्हणाली, “चला, आता काही सांगाचं राहिलं नाही.”

अकरा ड्रम. ओला मोह, एकेकात तीन-चार पुड्या, त्याही पोट भरलेल्या, वर झाकण गच्च. हिशेब तिनं मनातल्या मनात केला आणि इतक्या दिवसांनी पोळी न करपता भाजली.

आता तिला रोज गोडाऊनवरून जायचं काम निघू लागलं. गोडाऊन चौकातच, शेठच्या घराला लागून. पहिले चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी दारात अगरबत्ती. सहाव्या दिवशी दोन अगरबत्त्या आणि धूप. लोक म्हणाले शेठ श्रावणात भक्तीला लागला. आठव्या दिवशी फिनाईलचा वास. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेठची बायको गीताबाई दाराला निंबाच्या डहाळ्या बांधत होती. फुलवंतानं रस्त्यावरूनच विचारलं, “बाई, घरी कोनी बिमार हाय का जी?”

“नाही वो. उंदीर मेला कुठंतरी.”

“मोठा दिसते उंदीर.”

पोळा झाला, बैल सजले, बैलांपुढं बांधलेलं तोरण तुटलं. दुसऱ्या दिवशी नारबोद. आमच्याकडं त्या दिवशी उजाडता उजाडता घराघरातला रोगराईचा कचरा गावाबाहेर काढतात. निंबाच्या, पळसाच्या डहाळ्या हातात, थाळ्या, डबे बडवत सगळा टोला शिवेवर जातो आणि ओरडतो, खासी-खोकला घेऊन जाय रे नारबोद! माशा-मच्छर घेऊन जाय रे नारबोद! वाट चौकातूनच.

मिरवणूक गोडाऊनपाशी आली. ऊन वर येत होतं, आदल्या दिवशीचा पाऊस थांबलेला, पत्र्याचं छप्पर तापायला लागलं होतं. आणि आत आवाज झाला. फट्ट!

थाळ्या थांबल्या.

फट्ट! फट्ट! एका मागोमाग एक. दिवाळीचे बार फुटावेत तसे. आंबत्या मोहातली कोंडलेली हवा झाकणं उडवत होती. दाराखालून फेसाळ पाणी बाहेर आलं, आणि त्याच्या मागून वास. असा वास की पुढचे दोन म्हातारे उगाचच हसायला लागले.

सुलोचनाबाई मिरवणुकीत पुढंच होती. तिचं नाक फुगलं. हातातली निंबाची डहाळी तिनं बाजूच्या बाईकडं दिली आणि लाठी मागितली.

“शेठ! दार उघडा!”

शेठ बनियनवर बाहेर आला, हात पसरून दारासमोर उभा राहिला. “अवो बाई, काही नाही, काही नाही...”

“उघडा म्हन्ते ना!”

दार उघडलं. अकरातल्या सात ड्रमांची झाकणं उडालेली. भिंतीवर मोहाचा लगदा. शेठच्या आधुनिक साठवणीचा फोटो आता कोणी काढला असता तर वेगळा आला असता, आणि काढलाही, तीन-चार जणांनी.

“सडवा!” सुलोचनाबाई ओरडली. “अकरा ड्रम सडवा! अध्यक्षाच्या घरी!”

गर्दीतून कोणीतरी लगेच सुरात म्हटलं, “शेठचा सडवा घेऊन जाय रे नारबोद!” आणि सगळ्या टोल्यानं ते उचललं. थाळ्या पुन्हा सुरू झाल्या.

“सडवा नोहे हो!” शेठ थाळ्यांवरून ओरडला. कपाळाला घाम. “ओल लागली! ओल लागली का मोहफूल आंबते! त्याले का कोनी दारू म्हनते का?”

थाळ्या आपोआप थांबल्या. सगळ्या मुंड्या वळल्या. फुलवंता गर्दीच्या मागं उभी होती, डहाळी खांद्यावर, मोहनलालच्या शेजारी. वर्षभरानं मोहनलाल चौकात आला होता.

“शेठ,” ती म्हणाली, “मागच्याइले आयकू नाही आलं. जरा मोठ्यानं.”

शेठनं बनियन खाली ओढलं.

पोलीस पाटील चंद्रकुमार डहाळी काखेत मारून पुढं आला. शांत माणूस, प्रत्येक गोष्टीला कागद मागणारा. त्यानं ड्रममध्ये वाकून पाहिलं. “मले ठाण्यात फोन कराच लागते. सडवा असन तर गुन्हा, ओल असन तर खराब माल. पन सांगल कोन? मी तर दोन्हीचा वास ओळखत नाही.”

“मी सांगतो ना!” शेठ म्हणाला.

“तुमी नाही. ज्याले समजते तो.”

आता टोल्यावर ओल आणि माती यातलं कळणारं एकच माणूस होतं हे सगळ्यांना माहीत होतं. शेठलाही. तो दोन पावलं फुलवंताकडं आला, आवाज खाली आणला. “वहिनी, सांगा ना. तुमाले मालूम हाय. तुमच्याच पुड्या टाकल्या मी.”

फुलवंता गोडाऊनमध्ये गेली. साडी खोचली, ड्रममध्ये हात घालून एक पिशवी बाहेर काढली, ठिबकत असलेली. “हे पाहा पाटील. ओला मोह भरला, तो वाळवाले पुडी टाकली. पुडी राखन करते, वाळवत नाही. आन पुडीही भरेलच होती.”

“भरेल? मंग दिली काऊन?” शेठ किंचाळला.

“काटा पुढं केला होता शेठ. दातानं पाहिली तुमी. माहा भाऊ साक्षी हाय.” लोक हसले. ती हसली नाही. “फोटो काढला असता तर भाजाची रीतही सांगतली असती. तुमाले टाकाच्या आन झाकन लावाचीच घाई.”

चंद्रकुमारनं वहीत लिहायला सुरुवात केली. “मंग ओल म्हनून लिहू?”

“थांबा.” फुलवंतानं हात वर केला. “मी सांगीन, पन एक गोष्ट. ओल लागेल मोह सडवा नसतो, हे एका घरी खरं आन दुसऱ्या घरी खोटं, असं लिहता येते का पाटील?”

चंद्रकुमारनं पेन थांबवलं. “नाही येत.”

“मंग शेठले ठरवू द्या. शेठचा हा सडवा नोहे, तर माहाही नव्हता. माहा होता, तर हा तर अकरा ड्रम हाय.”

ड्रममध्ये एक बुडबुडा फुटला. शेठनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. सुलोचनाबाईच्या लाठीकडं पाहिलं.

“नव्हता,” तो पुटपुटला.

“कोनाच्या घरी, का नव्हता?”

“तुमच्या घरी... सडवा नव्हता.”

“मले नका सांगू. मले मालूम हाय.” तिनं ग्रामपंचायतीच्या छपरावरच्या भोंग्याकडं बोट केलं. “तिथून.”

शेठ पंचायतीच्या पायऱ्या चढला. बनियनवरच. गीताबाईनं मागून शर्ट नेऊन दिला, त्याची बटणं उलटी लागली. माईकमध्ये दोनदा खाकरला आणि सगळ्या टोल्यावर, पलीकडच्या धानाच्या बांध्यांवर, जंगलाच्या काठापर्यंत आवाज गेला. “फुलवंताबाई टेंभरे यांच्या घरी मागच्या साली सडवा नव्हता. ओल लागेल मोह होता.”

“मागं तीनदा सांगतलं होतं,” खालून फुलवंता म्हणाली.

तीनदा झालं. तिसरं ऐकून मोहनलालनं टोपी काढून डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. त्याच्याकडून एवढंच.

मग सुलोचनाबाई आली. लाठी खाली टेकवली. “फुला,” ती म्हणाली, आणि हे नाव ऐकायलाही फुलवंताला वेळ लागला. “मडकं म्या फोडलं होतं तुहं.”

“हो.”

“या ड्रमचं का करू? ओल हाय म्हनतेस, मंग सोडून देऊ?”

शेठ वरून आशेनं पाहत होता. ओला का असेना, शेणखतात तरी गेला असता, गुपचूप, मागच्या दारानं.

आता एखादी दुसरी बाई असती तर म्हणाली असती, जाऊ दे, झालं ते झालं. फुलवंतानं विचार केला. खरंच केला. मग म्हणाली, “ग्रामसभेचा ठराव हाय ना, बाई? ओल-बिल आयकून घ्याचं नाही. शेठनंच करेल हाय. आपुन कोन मोडनारे?”

अकरा ड्रम चौकात ओतायला दुपार झाली. चार दिवस कोणी बैल त्या वाटेनं नेले नाहीत. ग्रुपवरचा गोल त्याच संध्याकाळी रिकामा झाला.

पण फुलवंताचं तेवढ्यानं भागलं नाही. भोंगा देवरीपर्यंत ऐकू जात नाही, हे तिनं चंद्रकुमारच्या वहीत ‘ओल’ म्हणून साक्षीची सही करायच्या आधीच शेठच्या लक्षात आणून दिलं होतं. सांगितलं कुठं कुठं होतं? भोंग्यावर, ग्रुपवर, बाजारात. मग बाजार राहिला. सही बाजारानंतर.

म्हणून त्या आठवड्यात देवरीच्या बाजारात लाडवाच्या टोपलीमागं दोन माणसं बसली होती. फुलवंता, आणि अंग चोरून जागेश्वर शेठ. पहिलं गिऱ्हाईक आलं, नेहमीसारखा डोळा मारला. “माल आहे का वहिनी?”

फुलवंतानं शेठकडं पाहिलं.

“नाही जी,” शेठ म्हणाला. “मागच्या साली म्या खोटं सांगतलं होतं. ओल लागेल मोह होता. हे लाडू हायेत.”

गिऱ्हाईकानं शेठला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यानं अर्धा किलो लाडू घेतले.

दुसरा, तिसरा, दहावा. गोष्ट बाजारात पसरली तशी माणसं मुद्दाम यायला लागली, शेठच्या तोंडून ऐकायला. दुपारपर्यंत गंमत अशी झाली की शेठ रंगला. जातिवंत व्यापारीच तो. हातवारे करून सांगायला लागला, मध्येच आवाज चढवायला लागला, मोहाचे गुण सांगायला लागला. टोपली अर्धी झाली. एका बाईला तर तो मातीची पुडी कशी भाजतात हे समजावून सांगत होता, जशी काही त्यानंच शोधली.

फुलवंताला हे काही बरोबर वाटेना. शिक्षेत माणसानं इतकं सुखानं बसू नये. ती उठली, पदर झटकला.

“शेठ, पुढच्या बाजाराले मी येनार नाही.”

“काऊन? तब्येत?”

“तब्येत ठीक हाय. तुमी एकटेच टोपली घेऊन या. बसनं आटोनं, जसं जमन तसं. आन प्रत्येकाले सांगा, आजच्यासारखं.”

शेठचे हात हवेतच राहिले. “असे किती बाजार वो वहिनी?”

“मी पोळ्यापासून पोळ्यापर्यंत आयकलं. आन माही सही अजून बाकी हाय.”

शेठ बोटांवर मोजायला लागला. एक बोट, दुसरं, तिसरं. तेवढ्यात एक नवा माणूस टोपलीसमोर थांबला, इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, “काय शेठ, आता तुमच्याकडं मिळते म्हणे?”

फुलवंता समोरच्या टपरीवर जाऊन बसली, चहात टोस्ट बुडवला आणि शेठ पहिल्यापासून सांगायला सुरुवात करतो का, ते ऐकत राहिली.